हिरव्या शिंगांच्या दहा गायी

चार वर्षं मी गायींच्या छातीची मापं लिहिली. काय करतेस असं कुणी विचारलं, तर मी "सरकारी दफ्तरात आहे" एवढंच सांगते. पुढचं सांगितलं की माणसं आधी गप्प होतात, मग हसतात, आणि हसणाऱ्या माणसांसमोर कुठं बघावं ते मला कळत नाही. छापलेल्या पानाचं बरं असतं. वाचणारा हसतो तेव्हा लिहिणारी समोर नसते.

नांदेड शहर संपून गोदावरीचा काठ सुरू होतो तिथं हा तेव्हाच्या हैदराबाद सरकारचा गुरांचा फार्म. साठेक लाल कंधारी गायी, त्यांची वासरं, चार वळू आणि मागं नदीपर्यंत पसरलेलं कुरण. कंधार-लोह्याकडची ही जात. अंग विटेसारखं तांबडं, डोळ्यांभोवती काजळ ओढल्यासारखी काळी कड, आणि उन्हाची पर्वा नाही. सगळ्या इतक्या एकसारख्या की पहिले सहा महिने मला एकही ओळखता येत नव्हती.

मी तिथं कशी गेले ते थोडक्यात सांगते. माझी शाळा हैदराबादला मामांकडे राहून झाली, इंग्रजी माध्यमाची, मडमांची. परत आले तेव्हा माझं मराठी घरापुरतं, उर्दू बाजारापुरतं आणि इंग्रजी भरपूर होतं. बोलत मात्र तिन्ही भाषांत सारखीच कमी असे. त्याच सुमारास फार्मवर हैदराबादहून गुरांच्या खाण्यावरच्या विलायती पुस्तिका येऊ लागल्या होत्या. फार्मच्या प्रमुखांना सगळे मोहतमीम साहेब म्हणत. त्यांचं उर्दू आणि फारसी उत्तम. इंग्रजीबद्दल ते म्हणत, "वाचता येतं, पण मी वाचलं तेच त्यानं लिहिलंय का, याचा भरवसा वाटत नाही." बाबा वकील, साहेबांच्या जुन्या ओळखीचे. साहेब बाबांना म्हणाले, "मुलीला पाठवा. चिक लावून देतो."

तशी गोठ्यासमोरच्या खोलीला बांबूच्या काड्यांची पडद्यासारखी चिक लागली आणि तिच्या आत मी बसले. साहेब चिकेबाहेर खुर्ची टाकून बसत, मी आतून पुस्तिका वाचून अर्थ सांगे. कुणी चिकेकडे टक लावून बघत नाही, चिकेतून मात्र सगळं दिसतं. माझ्यासारखीला याहून चांगली जागा मिळाली नसती.

ज्यांच्या घरी गुरं नाहीत त्यांच्यासाठी थोडं गायीच्या पोटाचं सांगायला हवं. गाय गवत चावून खात नाही. आधी ती भराभर गिळून पोटातल्या एका मोठ्या कोठीत भरते. तिथं ते आंबील आंबते तसं आंबतं. मग सावलीत बसून ती थोडं थोडं तोंडात परत आणते आणि रवंथ करते. आंबवण्याचं काम त्या कोठीतले, डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. त्यांना लांब, चावावा लागणारा चारा हवा असतो. तो मिळाला की ते खूश, आणि ते खूश तर गाय खूश.

आता चारा चाऱ्यातही फरक. फुलोऱ्यावर येताना कापलेलं मारवेल किंवा पवना म्हणजे पूर्ण अन्न. तेच गवत बी झडून गेल्यावर कापलं तर नुसती काडी. ज्वारीची कणसं खुडल्यावर ताटं राहतात तो कडबा. त्यानं पोट भरतं, अंग भरत नाही. म्हणून वर पेंड देतात, म्हणजे करडीचं किंवा भुईमुगाचं तेल काढून उरलेला चोथा, आणि जोडीला सरकी. आमची पेंड लातूरच्या घाण्यांवरून यायची.

मोहतमीम साहेबांचा पेंडीवर राग होता. "पेंड ही दवा आहे, बीबी," ते म्हणत. "घास ही गिजा, अन्न. दवा खाऊन कुणी जगतं का?" गवताला ते उर्दूप्रमाणे घास म्हणत, आणि बोलताना हातात नेहमी त्याची एक काडी असे. ती दाताखाली धरून, गवत कालचं की परवाचं, उंचावरचं की नदीकाठचं, ते अचूक सांगत. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुरणावर जेवढं प्रेम केलं तेवढं कुणी बागेवरही करत नसेल. आणि एके दिवशी पुस्तिकेत मी त्यांना एक वाक्य वाचून दाखवलं, की रवंथ करणाऱ्या जनावराचा पहिला आणि मुख्य आहार चारा हाच होय. साहेबांनी ते वाक्य मला तीनदा वाचायला लावलं. मग उठून उभे राहिले आणि म्हणाले, "विलायतेतही माणसं आहेत तर!"

आषाढात प्रयोग सुरू झाला. सारख्या वयाच्या वीस गायी निवडल्या. दहा गायींना कुरणातलं कापलेलं गवत, पोटभर, आणि वर काही नाही. दुसऱ्या दहांना कडबा आणि पेंड, रिवाजाप्रमाणे. दर पंधरा दिवसांनी वजन. गवताच्या दहा गायी जर पेंडीच्या दहांइतक्या भरल्या, तर साहेब हैदराबादला लिहिणार होते की सुभ्यातल्या सगळ्या सरकारी गुरांची पेंड बंद करावी आणि त्या ऐवजी कुरणं वाढवावीत. वरून तशी तयारीही होती. अहवाल जायचा दसऱ्याच्या आत.

गायी ओळखू याव्यात म्हणून गवताच्या दहांची शिंगं साहेबांनी हिरव्या रंगानं रंगवून घेतली.

वजनाचा प्रश्न होता. गाय तोलेल असा काटा फार्मवर नव्हता. पण पुस्तिकेत एक युक्ती होती: छातीचा घेर इंचांत घ्यायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग अंगाच्या लांबीनं गुणायचं आणि तीनशेनं भागायचं. आलं वजन. खात्याची फीत मागवली होती, ती काही येईना. तेव्हा साहेबांनी चौकातल्या उस्मान मास्टरांना बोलावलं. मास्टर म्हणजे शिंपी. तीन पिढ्यांपासून नांदेडात शेरवान्या शिवणारं घर. ते गळ्यात फीत घालून आले, पहिल्या गायीपुढं उभे राहिले आणि सवयीनं म्हणाले, "जरा हात वर."

गायीनं अर्थातच काही केलं नाही. मास्टर वाकले, छातीभोवती फीत गुंडाळली आणि दुकानात ओरडतात तसे ओरडले, "सीना, अठ्ठावन! लंबाई, बावन!" मी चिकेआड लिहून घेतलं. पुढं दर पंधरा दिवसांनी ते येत. आणि दर वेळी फीत सोडताना दोन बोटं आत सरकवून बघत, घट्ट तर होत नाही ना.

आता माझी चूक.

प्रयोग सुरू झाला त्या संध्याकाळी जेवताना मी घरी एक वाक्य बोलले. मी दफ्तरातलं घरी कधी सांगत नाही. पण त्या दिवशी आईनं दोनदा विचारलं, आज काय काम होतं म्हणून. मी म्हणाले, "दहा गायींना आता नुसतं गवतच द्यायचं आहे."

आईचा हात ताटावर थांबला. "नुसतं?"

"हो."

"वर काही नाही?"

"काही नाही."

"कुसुम, म्हणजे सरकारच्या दारात उपाशी?"

"उपाशी नाही ग. पोटभर गवत आहे."

"गवत काय, रानातही असतं," आई म्हणाली आणि भात वाढू लागली. मला वाटलं विषय संपला.

महिना झाला. उस्मान मास्टरांनी मापं घेतली. पेंडीच्या गायी जवळजवळ जिथल्या तिथं. हिरव्या शिंगांच्या गायी प्रत्येकी इंच-दीड इंच वाढलेल्या. साहेबांनी मला गुणाकार परत करायला लावला. परत तेवढंच आलं. श्रावण संपता संपता त्या आणखी फुगल्या. साहेब गोठ्यात फिरताना गुणगुणू लागले. एकदा ते कुरणात उभे राहून मारवेलाच्या गंजीला हात जोडताना मला दिसले. कुणी बघत नाही असं त्यांना वाटत होतं.

उस्मान मास्टर मात्र चौथ्या मापाला रेंगाळले. त्यांनी एका गायीच्या कुल्ह्यावरून हात फिरवला, शेपटीच्या मुळाशी दाबून बघितलं आणि साहेबांना म्हणाले, "साब, छोटा मुँह बडी बात. ये घास का बदन नै."

"मग कशाचं?"

"ये दावत का बदन है. मैं शादीयों के बाद कपडे ढीले करताऊँ ना, मुझे मालूम."

साहेब मोठ्यानं हसले. "मास्टर, तुम्ही अजून चांगला घास बघितला नाहीत, एवढंच."

मला मात्र ते वाक्य टोचत राहिलं, कारण एक गोष्ट मीही बघत होते. रोज अकराच्या सुमारास हिरवी शिंगं एकदम वळायची. समोर ताजं कापलेलं गवत टाकून दहाच्या दहा गायी मागच्या बाजूला, बाभळीच्या कुंपणाकडे चालू लागायच्या. पुढं त्या कुठं जात ते चिकेतून दिसत नव्हतं. अर्ध्या तासानं त्या परत येत, ओठ चाटत. सगळ्यांत आधी जाणारी आणि सगळ्यांत शेवटी येणारी गाय म्हणजे हौशी. मी वहीच्या समासात "११ वाजता, कुंपण?" असं लिहून ठेवलं. विचारलं कुणालाच नाही. विचारायचं तर बाहेर जाऊन बोलावं लागलं असतं.

भाद्रपदात पितृपंधरवडा लागला. सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी हौशी आडवी पडली. पोट नगाऱ्यासारखं, रवंथ बंद, दात करकरत होते. सलोत्री, म्हणजे गुरांचे डॉक्टर, दौऱ्यावर होते. माणिकबानं, आमच्या गोठ्याच्या मुख्य गुराख्यानं, तिचं खाणं तोडलं, खायचा सोडा पाण्यात कालवून पाजला आणि शेणाचा नमुना माझ्याकडे आणला. नमुने पळसाच्या पानावर ठेवून चिकेखालून आत सरकवायची पद्धत होती. चार वर्षांत माझ्या टेबलावर सगळ्यांत जास्त आलेली वस्तू तीच.

मी बघितलं. शेणाला आंबूस वास होता. त्यात भाताची शितं होती. आणि वेलदोड्याचं एक साल.

नियमाप्रमाणे मी वहीत लिहिलं: "हौशी. आहार: मारवेल. शेणात: वेलदोडा." लिहिलेलं वाचलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी चिक वर करून बाहेर आले.

"माणिकबा, ही गाय काय खाते?"

माणिकबा लोह्याकडचा. साठीचा, बारीक, डोक्याला मळका पटका. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "गवत खाती की."

"आणि?"

"आन् थोडं इकडचं तिकडचं."

"खीर?"

"आता बाई, पितरं बी खातेत, गाय बी खाती. माझ्या हातात काय हाय?"

मग त्यानं सगळं सांगितलं. आपल्याकडे घरात जेवायच्या आधी पानातला थोडा भाग गायीसाठी काढतात, तो गोग्रास. भाताची एक मूद, पोळीचा तुकडा, झालं. आमच्या आळीतली चाळीस घरं एरवी तो दारातल्या मोकाट गायीला घालत. आषाढापासून तो फार्मच्या मागच्या कुंपणावर येत होता, आणि तो घासभर राहिला नव्हता. सरकारनं उपाशी ठेवलेल्या गायी म्हणून बायका ताटंच्या ताटं आणत. एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी, मंगळागौरीनंतर पुरणपोळ्या, पितृपंधरवड्यात खीर, वडे. शिंगं हिरवी असली तरच. पेंडीच्या गायींना कुणी कण घालत नव्हतं. त्यांना सरकार देतंय म्हणून.

"तुम्ही अडवलं नाही?"

"गायीच्या तोंडचा घास अडवू व्हय? आन् त्या बायांना अडवून तर बघा तुमी. त्यातली म्होरकी तर कुणाला ऐकायचीच न्हाई."

"कोण आहे म्होरकी?"

माणिकबा आता माझ्याकडे बघू लागला. त्याला खरंच वाटत होतं की मला माहीत आहे. "तुमच्याच आई की, बाई."

मी पायरीवर बसले. एवढा सगळा लवाजमा माझ्या एका वाक्यातून निघाला होता. थोड्या वेळानं मी त्याला या मापांचं पुढं काय होणार ते सांगितलं. तोवर कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. अहवाल लिहायचा इंग्रजीत, चर्चा व्हायची उर्दूत. त्याच्यापर्यंत फक्त विळा आणि शेण येत होतं.

"म्हंजी माझ्या गोठ्याची पेंड बंद?"

"सगळ्या सुभ्यातल्या गोठ्यांची."

"आन् उन्हाळ्यात हिरवं कुठून आणतेत? मार्गशीर्षापत्तोर कुरण वाळून काडी हुतं. मग कडबा, त्यो बी अर्ध्या पोटाचा. पेंड हाय म्हनून दूध टिकतंय, म्हनून वासरं जगतेत." तो उभाच होता. "ही दहा फुगली ती पुरणपोळीवर, आन् मरतील ती वासरं. बाई, हे तुमी सायबाला सांगा. मी सांगितलं तर म्हनतील गवळ्यानं पेंड चोरायसाठी काहानी रचली."

"मी?"

"तुमचं ऐकतेत त्ये. तुमी इंग्रजीतून बोलता."

त्या रात्री मी आईला विचारलं, मला का सांगितलं नाहीस. आई पोळी लाटत होती. "तू दफ्तरातलं घरात सांगत नाहीस," ती म्हणाली, "मी घरातलं दफ्तरात कशाला सांगू?"

अहवाल तयार होता. साहेबांनी तो स्वतः लिहिला होता आणि मी इंग्रजीत उतरवला होता. दुसऱ्या दिवशी सही करून टपालात पडायचा. सकाळी साहेब खुर्चीत बसले, दौत उघडली. मी चिकेमागून म्हणाले, "साहेब, एक सांगायचं आहे."

ते दचकले. आपण होऊन मी बोलण्याची ही पहिलीच वेळ.

"त्या दहा गायी नुसत्या गवतावर नाहीत."

"मग कशावर आहेत?"

"पंधरवड्यात खिरीवर होत्या. त्याआधी वरणभातावर." मी एका दमात सगळं सांगून टाकलं, शेवटी हेही, की घरी मीच बोलले होते.

चिकेपलीकडं दौतीचं झाकण परत लागलं. मग साहेबांनी विचारलं, "एका वाक्यावर चाळीस घरं?"

"हो."

"माझ्या हुकमाला लोह्याला पोहोचायला तीन आठवडे लागतात." ते उठले. "अकरा वाजता चला. मला बघायचंय."

अकरा वाजता आम्ही कुंपणाशी उभे होतो. साहेब, माणिकबा आणि पदर डोक्यावरून घेतलेली मी. हिरव्या शिंगांच्या गायी आमच्या आधीच येऊन रांगेत उभ्या होत्या. हौशी अजून मलूल होती, तरी रांगेत पहिली. पायवाटेनं बायका आल्या, दहा-बारा, हातात ताटं झाकलेली. सगळ्यांत पुढं आई.

तिनं मला बघितलं, साहेबांना बघितलं आणि जराही न गडबडता म्हणाली, "नमस्कार साहेब. थोडं सरकता का? सोवळ्यातलं आहे."

साहेब सरकले. चाळीस वर्षं नोकरी झालेला, ज्याच्या शब्दावर सुभ्यातली कुरणं कापली जात तो माणूस, मुकाट्यानं दोन पावलं मागं गेला.

"वहिनी," ते अदबीनं म्हणाले, "या गायींना पोट फुटेस्तोवर घास मिळतो."

"गवत झालं हो, साहेब. जेवणाचं काय?"

"गवत हेच त्यांचं जेवण आहे."

"तुम्हाला कुणी रोज नुसती पालेभाजी वाढली तर?" मागून एक बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. आईनं कुंपणातून भाताची मूद पुढं केली. हौशीनं ती अलगद उचलली. "बघा, कशी भुकेजलीये. आणि ती टोकाची, साहेब, तिला जरा गूळ लागतो. तेवढं लक्ष असू द्या."

साहेब काही बोलणार, तेवढ्यात पायवाटेवर आणखी एक बाई आली. बायकांच्या घोळक्यापासून जरा दूर, कुंपणाच्या शेवटच्या खुंटाशी थांबली. हातात झाकणाचं भांडं. साहेबांना बघून ती वळली, पण उशीर झाला होता.

"करीमा," साहेब म्हणाले. ती त्यांच्याच घरची जुनी मोलकरीण. "त्यात काय आहे?"

"खिचडी, साब."

"कुणी दिली?"

"बेगमसाब बोले, बेचारे भूके हैं. साब के फारम के हैं, अपनी ही बदनामी."

"किती दिवस?"

करीमानं आकडा सांगितला नाही. "रमजान में शाम को लाती थी, साब," ती म्हणाली. जणू तेवढं सांगितलं की चूक निम्मी होईल.

हौशीनं साहेबांच्या घरची खिचडीही खाल्ली. आमच्यामागं, दहा पावलांवर, फुलोऱ्यावर कापलेलं मारवेल पडलं होतं, तोंडही न लावलेलं. साहेब तिथं गेले. एक काडी उचलली, दाताखाली धरली. "आजचंच आहे," ते म्हणाले. "उंचावरचं. याहून चांगलं गवत या नदीला येत नाही." ते कुणाला म्हणाले कुणास ठाऊक. त्या क्षणी मला माझ्या वाक्याचा जेवढा पश्चात्ताप झाला तेवढा नंतर कधी झाला नाही.

अहवाल त्यांनी फाडला नाही. त्याच कागदाखाली मला लिहायला सांगितलं की सदर गायींना गवताखेरीज खात्याच्या नकळत सुमारे चाळीस घरांचा गोग्रास मिळत होता, ज्यात प्रमुखांचं स्वतःचं घरही आलं, सबब मापं ग्राह्य धरू नयेत. सही करताना म्हणाले, "बीबी, घासाला एकदा तरी एकटं सोडायला हवं होतं. पण या शहरात कुणाला एकटं सोडतात?"

माणिकबाला मी काही सांगू शकत नव्हते. उत्तर काय येईल ते मला माहीत नव्हतं. वरच्यांनी चिडून प्रयोगाकडे न बघता पेंड तोडली असती तरी आश्चर्य नव्हतं. दिवाळी झाली. कुरण पिवळं पडू लागलं. माणिकबा रोज पेंडीची पोती मोजल्यासारखा त्यांच्याभोवती फिरे आणि टपालवाला दिसला की चिकेसमोर येऊन उभा राही.

उत्तर आलं ते चार पानी होतं. मी ते आधी मनात वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग साहेबांना वाचून दाखवलं. हैदराबादच्या मोठ्या साहेबांना अहवालातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटली होती. गोग्रासानं जनावरं इतकी भरतात ही बाब नवी असून तिची शास्त्रशुद्ध चौकशी व्हावी. गवत आणि पेंड यांच्याबरोबर गोग्रासाची तिसरी दावण सुरू करावी. त्यासाठी चाळीसही घरांतल्या गोग्रासाचं, घरोघर जाऊन, रोजचं वजन आणि जिन्नस नोंदवावेत. स्वयंपाकघरात प्रवेश लागणार असल्यामुळं हे काम दफ्तरातल्या महिला कर्मचाऱ्याकडे द्यावं. आणि सगळ्यांत शेवटी, एका ओळीत: चौकशी पुरी होईपर्यंत गुरांच्या चालू आहारात कोणताही बदल करू नये.

"म्हंजी?" माणिकबानं विचारलं.

"पेंड चालू," मी म्हणाले. "मी चाळीस घरं संपवेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी मी हातात तागडी घेऊन निघाले. ज्या मुलीला दुकानदाराला भाव विचारायला लाज वाटते, तिला चाळीस स्वयंपाकघरांत जायचं होतं. सोपं म्हणून पहिलं घर आमचं धरलं. आईनं पाट मांडला, नैवेद्य दाखवला आणि गोग्रास काढला. तो मी लहानपणापासून बघते, मुठीएवढा. त्या दिवशी तिनं ताट भरून वाढलं, वर तूप सोडलं, बाजूला लाडू ठेवला.

"आई, रोज एवढा काढतेस?"

"रोज सरकार कुठं बघायला येतं?"

मी वजन केलं आणि जे भरलं ते लिहिलं. दुसऱ्या घरात माझ्या येण्याची खबर आधीच पोचली होती. तिथं बासुंदी होती. तिसऱ्या घरात दुसऱ्या घरी काय होतं ते मला आधी विचारलं गेलं. एका आठवड्यात आळीतला गोग्रास तिपटीवर गेला. माझा एकही आकडा खोटा नव्हता, आणि एकही आकडा खरा नव्हता. नियम असा होता की एका घराची दोन वजनं जुळत नसतील तर तिसऱ्यांदा जायचं. ती कुठल्याच घराची जुळत नव्हती. मी तिसऱ्यांदा जात होते, मग चौथ्यांदा.

फाल्गुनात, कुरणात हिरवं पातं उरलं नव्हतं तेव्हा, माणिकबा गोठ्यात वासरांपुढं भिजवलेली पेंड ओतत होता. मी तागडी घेऊन समोरून निघाले.

"किती घरं ऱ्हायली, बाई?"

"पहिलंच अजून पुरं झालं नाही."

त्यानं मान डोलवली आणि पुढच्या वासराकडे वळला. "निवांत जावा," तो म्हणाला. "ऊन लई हाय."